धातू, गण आणि रिकामी घरं

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने आज रसायनशास्त्राला हात का घातला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. त्यात 'वर्गीकरण' नावाचं एक प्रकरण असतं. परीक्षेत ते पाच-सहा मार्कांना येतं आणि मुलं ते शेवटच्या रात्री वाचतात. ग्रंथालयातली पुस्तकं विषयवार लावा, लेखकवार लावा, नाहीतर सरळ उंचीप्रमाणे लावा. पुस्तकांची काही तक्रार नसते. पण एक मांडणी अशी आहे की जिच्यात कोणाला कुठे बसवायचं हे मांडणाऱ्याच्या हातात उरलेलं नाही. ती म्हणजे मूलद्रव्यांची आवर्त सारणी. ती अशी कशी झाली, हा आजचा विषय. इतिहास म्हटला की सनावळ्या येणारच, पण त्या लिहून घ्यायची गरज नाही. परीक्षा आता आम्हीही घेत नाही.

आपल्या जळगावच्या सराफ बाजारापासून सुरुवात करू. बावीस कॅरटचा दागिना म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोनं. उरलेल्यात मुख्यतः चांदी आणि तांबं. शुद्ध सोनं मऊ असतं, बांगडी वाकते, म्हणून ही भर. आता सारणी डोळ्यांपुढे आणा. तांबं, चांदी आणि सोनं एकाच उभ्या रकान्यात आहेत, एकाखाली एक, मध्ये चौथं कोणी नाही. सोनाराच्या घराण्याने सारणी पाहिलेली नव्हती आणि सारणी करणाऱ्याने आपला बाजार पाहिला नव्हता. पण दोघांनी ओळखलेलं नातं एकच. हे तिन्ही धातू निसर्गात कधीकधी सुटे सापडतात, ठोकले की पत्रा होतो, ओढले की तार होते, वीज उत्तम वाहतात आणि लोखंडासारखे गंजून मातीत जात नाहीत. जगभर नाणी यांचीच पडली ती उगाच नाही.

आता थोडी वजाबाकी करू. तांब्याचा अणुअंक २९, चांदीचा ४७, सोन्याचा ७९. तांब्यापासून चांदीपर्यंत १८ घरं, चांदीपासून सोन्यापर्यंत ३२. हे दोन आकडे मनात ठेवा.

सराफ बाजार सगळ्यांच्या खिशाचा नसतो, म्हणून दुसरं उदाहरण शेतातलं. रावेर-यावलच्या केळीवाल्याला नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन शब्द सांगावे लागत नाहीत. खताच्या पोत्यावरचे तीन आकडे म्हणजे हेच तिघं. नत्र म्हणजे नायट्रोजन, अणुअंक ७. स्फुरद म्हणजे फॉस्फरस, १५. फरक ८, आणि दोघं एकाच रकान्यात. पालाशातलं मूलद्रव्य पोटॅशियम, १९. त्याच्या डोक्यावर त्याच रकान्यात सोडियम, ११. पुन्हा फरक ८. तुमची जमीन क्षारपड झाली, सोडियम वाढलं, की पिकाला पालाश उचलायला त्रास होतो. कारण दोघं सख्खे शेजारी, स्वभावाने इतके सारखे की मुळाशी गर्दी होते. म्हणजे सारणीतली ही शेजारपणं कागदावरची नाहीत, ती शिवारात भोवतात.

तर ठरावीक घरं मोजली की तोच स्वभाव पुन्हा भेटतो. यालाच आवर्त म्हणतात, आणि हा शब्द आपल्याला परका नाही. गिरणा धरणातून कालव्याला पाणी सुटतं तेव्हा 'पहिलं आवर्तन', 'दुसरं आवर्तन' असं आपण म्हणतोच. तबलजी तीनतालाच्या सोळा मात्रा मोजतो आणि समेवर येतो, तेही आवर्तनच. सारणीत गंमत एवढीच की आवर्तनाची लांबी एकसारखी नाही. पहिली ओळ २ घरांची. मग ८, ८. मग १८, १८. मग ३२, ३२. मघाशी सराफ बाजारात मिळालेले १८ आणि ३२ ते हेच, आणि खताच्या पोत्यावर मिळालेला ८ही हाच. ताल असा की दर दोन आवर्तनांनी लांबतो, पण सम काही चुकत नाही.

हे आज सांगायला सोपं आहे. ज्यांनी हे शोधलं त्यांच्याजवळ अणुअंक नव्हता. अणूच्या आत काय आहे हेही माहीत नव्हतं. अणू आहे की नाही याबद्दलच भल्याभल्यांना शंका होती. त्यांच्याजवळ होते अणुभार, तेही निम्मेशिम्मे चुकलेले, आणि प्रत्येक मूलद्रव्य कोणाशी किती प्रमाणात संयोग पावतं याच्या नोंदी.

जर्मनीत डोबरायनरने १८२९ साली त्रिकं दाखवली. लिथियम ७, पोटॅशियम ३९, यांची सरासरी काढा : २३. सोडियमचा अणुभार तेवढाच. मजेशीर, पण तीन-तीनांच्या पलीकडे जाईना. मग लंडनमध्ये न्यूलँड्स. त्याने १८६५च्या सुमारास मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावली आणि म्हणाला की आठवं पहिल्यासारखं येतं, सप्तकातल्या वरच्या सा सारखं. १८६६मध्ये केमिकल सोसायटीच्या सभेत हे मांडल्यावर एका प्राध्यापकाने विचारलं की महाशय, तुम्ही ही नावं अकारविल्हे लावून पाहिलीत का? सभेत हशा. पुढे १८८७ साली रॉयल सोसायटीने न्यूलँड्सला डेव्ही पदक दिलं, पण ते एकवीस वर्षांनी.

या थट्टेशी जरा थांबू या. इंग्रजी माणसाला अकारविल्हे क्रम म्हणजे निरर्थक क्रम वाटतो, कारण त्यांच्या ए-बी-सी-डीला काही तर्कच नाही. ए नंतर बी का, याला उत्तर नाही. आपली वर्णमाला तशी नाही. क ख ग घ ङ ही आडवी ओळ कंठातली, च छ ज झ ञ तालूतली, मग मूर्धा, दात, ओठ. आवाज घशातून निघून ओठापर्यंत येतो. आणि उभे रकाने पाहा : पहिल्या रकान्यात क च ट त प, सगळे कठोर, तिसऱ्यात ग ज ड द ब, सगळे मृदू, पाचव्यात सगळी अनुनासिकं. आडव्या ओळीचा एक धर्म, उभ्या रकान्याचा दुसरा, आणि दोन्ही धर्म कळले की त्या घरात कोण बसणार हे ठरलं. खानदेशातलं कुठलंही पोर पहिलीतच अशी दुपदरी सारणी पाठ करतं, फक्त तिला सारणी म्हणतात हे त्याला कोणी सांगत नाही. मराठीत ङ किंवा ञ ने सुरू होणारा रोजच्या वापरातला शब्द शोधून दाखवा. नाही मिळत. तरी त्यांची घरं कोणी काढून टाकली नाहीत. उपयोग कमी असला तरी रचनेत ती जागा आहे. ही बुद्धी फार मोठी आहे, आणि न्यूलँड्सकडे नेमकी ती कमी पडली. त्याने हाती होती तेवढी मूलद्रव्यं सलग ओळीने बसवली. जागा मोकळी ठेवली नाही, म्हणून पुढच्या ओळींत भलतेच शेजारी एका घरात कोंबले गेले.

मोकळी जागा ठेवली मेंडेलीवने. दिमित्री मेंडेलीव, सैबेरियातल्या टोबोल्स्कचा, सेंट पीटर्सबर्गला प्राध्यापक. त्याला शोधबिध लावायचा नव्हता, विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहायचं होतं. पहिल्या भागात मोजकी मूलद्रव्यं संपली आणि पन्नासहून अधिक शिल्लक. आता कोणत्या क्रमाने सांगू? शिक्षकाची अडचण. १८६९च्या फेब्रुवारीत, रशियातल्या जुन्या पंचांगाप्रमाणे, चीजच्या कारखान्यांची पाहणी करायला बोलावणारं एक पत्र त्याला आलं होतं. त्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने केलेली आकडेमोड आजही जपून ठेवलेली आहे. स्वप्नात सारणी दिसल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आम्हाला ते पत्र पुरेसं वाटतं.

त्या वेळी ६३ मूलद्रव्यं माहीत होती. अणुभाराच्या क्रमाने लावताना जिथे स्वभाव जुळेना तिथे मेंडेलीवने दोन धाडसं केली. एक, टेल्युरियम वजनाने आयोडीनपेक्षा जड असूनही त्याला आधी बसवलं, कारण आयोडीनचं नातं उघडच क्लोरीन-ब्रोमीनशी. दुसरं, घर रिकामं सोडलं. ॲल्युमिनियमच्या खालचं एक, सिलिकॉनच्या खालचं एक, आणि बोरॉनशी नातं सांगणारं एक. १८७१च्या मोठ्या निबंधात या तिघांचं वर्णनच लिहिलं : अणुभार एवढा, घनता एवढी, ऑक्साइड असं, क्लोराइड तसं.

इथे आमच्या शास्त्राचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय राहवत नाही. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय हे सहा पदार्थ सांगितले, आणि पुढच्यांनी सातवा घातला : अभाव. 'जमिनीवर घट नाही' हे ज्ञान कसलं? नुसती जमीन दिसणं म्हणजे घटाचा अभाव दिसणं नव्हे. ज्याचा अभाव, तो घट कसा असतो हे आधी माहीत पाहिजे. त्याला प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगीच्या ज्ञानाशिवाय अभावाचं ज्ञान नाही. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात, १९१६ साली सुरू झालेल्या, अशा चर्चा कितीतरी झाल्या असतील. मेंडेलीवचं काय वेगळं? त्याचा प्रतियोगी कोणीच पाहिलेला नव्हता. गॅलियम कसं असतं हे जगात कोणालाही माहीत नसताना तो म्हणतो की इथे ते नाही. हा अभाव त्याला दिसला कशामुळे? रकान्यामुळे आणि ओळीमुळे. वर कोण, खाली कोण, डावीकडे-उजवीकडे कोण, एवढ्यावरून प्रतियोगीची लक्षणं बांधता आली. नैयायिकांना हे उदाहरण मिळालं असतं तर त्यांनी यावर चार ग्रंथ लिहिले असते.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. १८७५ साली लकॉक द बोआबोद्राँ याला गॅलियम सापडलं. त्याने घनता मोजली, ४.७. पीटर्सबर्गहून मेंडेलीवने कळवलं की आकडा चुकलाय, ५.९च्या आसपास यायला हवा, नमुना नीट शुद्ध करा. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिला नाही तो, हातात धरणाऱ्याला सांगतोय! पुन्हा मोजली, ५.९ आली. (हे गॅलियम सुमारे ३० अंशांना वितळतं. मे महिन्यात जळगावात त्याचा तुकडा टेबलावर ठेवलात तर दुपारपर्यंत त्याचा थेंब झालेला असेल.) १८७९मध्ये स्वीडनच्या निल्सनला स्कँडियम सापडलं, १८८६मध्ये जर्मनीत विंक्लरला जर्मेनियम. जर्मेनियमसाठी भाकीत होतं अणुभार ७२, घनता ५.५. विंक्लरने मोजलं : ७२.३ आणि ५.४७.

या तीन रिकाम्या घरांना मेंडेलीवने तात्पुरती नावं दिली होती : एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. 'एका' म्हणजे आपला एक. पुढे द्वि-मँगनीजही आहे. ही संस्कृत संख्यावाचकं आहेत, आणि मेंडेलीवने ते स्वतः लिहिलं आहे : अज्ञात मूलद्रव्यांना नवी नावं देण्यापेक्षा रकान्यातल्या वरच्या नातेवाइकाच्या नावामागे संस्कृत आकडा लावतो.

आता इथून आमच्या विषयातला नाजूक भाग सुरू होतो. गेली काही वर्षं आपल्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो की आवर्त सारणी पाणिनीवरून घेतली. ऐकायला कानाला गोड लागतं. आणि वरवर पाहिलं तर जुळणीही पुष्कळ आहे. शाळेच्या मराठी पुस्तकात सारणीतल्या उभ्या रकान्याला काय म्हणतात? गण. आणि लोखंड-तांब्याला? धातू. हे दोन्ही शब्द व्याकरणातही आहेत. संस्कृत धातुपाठात सुमारे दोन हजार क्रियामूळं दहा गणांत लावलेली आहेत. भू पासून भ्वादि, अद् पासून अदादि, चुर् पासून चुरादि. गणाला पहिल्या सभासदाचं नाव, जसं आपण 'कार्बन गण' म्हणतो. एका गणातले धातू रूपं चालवताना एकसारखे वागतात, जसे एका रकान्यातले धातू संयोग करताना. आयुर्वेदाचे रस-रक्त-मांसादि सात धातू आणखी वेगळे. मूळ कल्पना एकच, 'धारण करणारं', ज्यावर बाकीचं उभं राहतं ते.

पण पाणिनीपासून मेंडेलीवपर्यंत दोरी जाते का? तसा तर्क जबाबदार भाषाशास्त्रज्ञांनीही केलेला आहे, तो टवाळीचा नाही. त्यांचा आधार असा. पाणिनीची अष्टाध्यायी युरोपात छापून आणणारा ओटो ब्योटलिंक पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत होता आणि तिथला जगप्रसिद्ध संस्कृत कोश १८५५ ते १८७५ या काळात निघत होता. मेंडेलीव त्याच शहरात. दोघांची गाठ पडली असेल, शिवसूत्रांची वर्णरचना कानावर गेली असेल. असेल! पण ब्योटलिंक १८६८ सालीच जर्मनीत येना इथे राहायला गेला होता. सारणी झाली १८६९ला. आणि मेंडेलीव जे सांगतो ते आकड्यांपुरतं आहे. रचना पाणिनीकडून घेतली असं त्याने कुठे म्हटलेलं आम्हाला भेटलेलं नाही.

अशा वेळी धुळ्याची आठवण ठेवावी. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात गेले आणि लगेच १९२७मध्ये इथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं सोडून, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. मराठीतल्या क्रियामूळांचा त्यांनी केलेला धातुकोशही त्यांच्यामागे धुळ्याच्या या मंडळानेच छापला. म्हणजे धातू जमवून लावण्याचं काम या गावाने स्वतः केलेलं आहे. राजवाड्यांची मतं टोकाची होती, काही व्युत्पत्त्या तर आम्हाला अजिबात पटत नाहीत. पण आधी कागद, मग बखर, ही शिस्त त्यांनी आपल्याला लावली. पाणिनी आणि मेंडेलीव यांच्यामधला कागद कुठे आहे? तो नाही. मग ती जागा रिकामी ठेवायची. मेंडेलीवनेही तेच केलं. त्याने ॲल्युमिनियमच्या खाली हाताशी असलेलं कुठलंही मूलद्रव्य दडपून बसवलं नाही. आणि पाणिनीला तरी या उसन्या श्रेयाची काय गरज? त्याचं काम त्याच्या जागी पूर्ण आहे.

दुसरं उदाहरण महाराष्ट्रातलंच, विजयदुर्गाचं. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असं आपल्याकडे सांगतात, तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्टला समारंभही होतो. त्या तारखेला आधार आहे. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. ग्रहणाच्या पट्ट्यात ठिकठिकाणी वर्णपटदर्शक लावून माणसं बसली होती. पटवर्धनांच्या जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल होता, तोच प्रसिद्ध ज्योतिर्विदाचा मुलगा. फ्रेंच जान्सन गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला. सूर्याच्या कडेला त्यांना पिवळी रेषा दिसली, बऱ्याच जणांनी ती सोडियमची समजली. ज्या लॉकियरचं नाव विजयदुर्गाशी जोडतात तो त्या दिवशी इंग्लंडात होता. त्याने ग्रहणाशिवायच, २० ऑक्टोबरला, तिकडे बसून रेषा पाहिल्या, आणि ही पिवळी रेषा पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची असावी, हा विचार त्याच्याकडून पुढे आला. सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. आम्ही हे विजयदुर्गात बोललो असतो तर चहा मिळाला नसता कदाचित! पण जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण यांची खरी हकीकत कमी रोमांचक आहे का? ती आपल्याच दख्खनच्या पट्ट्यातली आहे आणि तिला कागद आहे.

हेलियमची गोष्ट सारणीच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे, ती वेगळ्या कारणाने. पिवळी रेषा दिसली १८६८ला, सारणी झाली १८६९ला. तरी मेंडेलीवच्या सारणीत हेलियमला घर नाही. रिकामंसुद्धा नाही! का? रकाना आणि ओळ दोन्ही असतील तर त्यांच्या छेदातलं रिकामं घर दिसतं. पण आख्खा रकानाच ठाऊक नसेल तर काय दिसणार? वर्णमालेत अनुनासिकांचा रकानाच कोणी ऐकला नसता तर ङ ची उणीव कोणाला भासली असती? १८९४मध्ये रॅली आणि रॅम्से यांना हवेत आरगॉन सापडलं, कशाशीही संयोग न पावणारं. मेंडेलीव अस्वस्थ झाला. हे नवीन मूलद्रव्य नसेल, नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असेल, असं तो म्हणत होता. १८९५ला रॅम्सेला युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच सूर्याची पिवळी रेषा मिळाली, म्हणजे हेलियम पृथ्वीवरही निघालं. १८९८मध्ये निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन. पाचही जण एकाच स्वभावाचे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग सारणीच्या कडेला एक नवा रकाना जोडला, आणि बाकीच्या एकाही मूलद्रव्याला घर सोडावं लागलं नाही. आमच्या मते सारणीचा मोठा विजय हाच. गॅलियमच्या भाकिताचं कौतुक सगळे करतात. पण ज्यांची कल्पनाही केली नव्हती असे पाहुणे आले आणि घर मोडलं नाही, हे अधिक अवघड आहे.

मेंडेलीवची सगळीच भाकितं खरी ठरली असंही कोणी समजू नये. हायड्रोजनहून हलकं, ईथरचं म्हणून एक मूलद्रव्य त्याने शेवटच्या काळात कल्पिलं होतं, ते नाहीच. आणि टेल्युरियमचा अणुभार चुकीचा मोजलाय, तो आयोडीनपेक्षा कमीच निघेल, असा त्याचा हट्ट होता. पुन्हापुन्हा मोजलं. टेल्युरियम १२७.६, आयोडीन १२६.९. हट्ट चुकीचा, बसवलेली जागा बरोबर! म्हणजे क्रम लावणारी खरी गोष्ट वजन नव्हे, दुसरंच काहीतरी आहे, एवढं उघड झालं.

ते दुसरं काहीतरी १९१३मध्ये हेन्री मोझली या पंचविशीतल्या पोराने मोजून दाखवलं. वेगवेगळ्या मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनचा मारा करून निघणारे क्षकिरण त्याने तपासले. घरागणिक त्यांच्या कंप्रतेचं वर्गमूळ सारख्या पायरीने वाढत होतं. ही पायरी म्हणजे अणुकेंद्रावरच्या धनभाराचा आकडा, म्हणजेच अणुअंक. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. वाद मिटला. शिवाय आता पूर्णांक मिळाल्यामुळे कोणकोणती घरं रिकामी आहेत हे बोटांवर मोजता येऊ लागलं. ४३, ६१, ७५. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९१५मध्ये, मोझली गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला, सत्ताविसाव्या वर्षी. हिंदी पलटणीही त्याच आघाडीवर लढत होत्या.

बाकीचं लवकर सांगता येतं. २, ८, १८, ३२ हे आकडे कुठून येतात, याचं उत्तर १९२०नंतर बोर आणि पाउली यांच्या कामातून मिळालं. इलेक्ट्रॉन केंद्राभोवती थराथराने बसतात. पहिल्या थरात २ मावतात, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. बाहेरच्या थरात किती, यावर स्वभाव ठरतो. सोडियम आणि पोटॅशियम दोघांच्याही बाहेर एकेक, म्हणून दोघं भाऊ. थर भरायची रांग मात्र सरळ नाही, मध्ये आतल्या थराचं उरलेलं काम पूर्ण करावं लागतं, म्हणून ८ आणि १८ दोनदा येतात. ४३वं घर १९३७मध्ये भरलं, टेक्नेशियमने, आणि हे सापडलं नव्हे, यंत्रात घडवलेलं मूलद्रव्य होतं. युरेनियमच्या आसपासची मंडळी चुकीच्या रकान्यांत बसली आहेत हे १९४०च्या दशकात सीबोर्गने ओळखलं आणि त्यांची वेगळी ओळ खाली काढली. तळाला दोन सुट्या पट्ट्या दिसतात त्यातली दुसरी ती. २०१६मध्ये निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगानेसन ही नावं पक्की झाली आणि सातवी ओळ ११८ला पुरी भरली.

भांडणं संपलेली नाहीत. हेलियमच्या बाहेरच्या थरात दोन इलेक्ट्रॉन, त्या हिशेबाने तो बेरिलियमच्या डोक्यावर बसायला हवा. स्वभावाने मात्र तो निऑनचा. आपण त्याला निऑनवर बसवतो. तिसऱ्या रकान्यात यिट्रियमच्या खाली लँथेनम घालायचं की ल्युटेशियम, यावर आजही दोन तट आहेत, आणि बाजारात मिळणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्यांत तुम्हाला दोन्ही प्रकार मिळतील. हायड्रोजन तर पहिल्या रकान्याच्या डोक्यावर पाहुण्यासारखा बसलेला आहे, त्याचं खालच्या सोडियम-पोटॅशियमशी फारसं पटत नाही.

आणि आठव्या आवर्ताचं पहिलं घर, ११९ क्रमांकाचं. ते पोटॅशियमच्याच रकान्यात येतं, अगदी तळाशी, फ्रॅन्सियमच्या खाली. जपानमध्ये ते घडवण्याचे प्रयत्न काही वर्षांपासून चालू आहेत. अजून हाती लागलेलं नाही, म्हणून त्याला नावही नाही. त्याच्याबद्दल लिहिताना रसायनशास्त्रज्ञ आजसुद्धा त्याला एका-फ्रॅन्सियम म्हणतात.